चोवीस समीकरणं आणि शिक्क्याची रांग

ऑक्टोबर 1936. तुम्ही नेदरलँड्समधल्या हेग शहरात आहात. रस्ता सायकलींनी भरलेला आहे. जरा जवळ जाऊन बघा, प्रत्येक सायकलीला धातूचा एक छोटा बिल्ला लावलेला दिसेल. सायकलकर भरल्याची ती खूण. काही बिल्ल्यांना मधोमध भोक आहे. ते बेकारांचे बिल्ले. त्यांना कर माफ आहे, पण या भोकामुळे माणसाची बेकारी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला कळते. पुढे गेलात की एक लांबलचक रांग लागेल. हातात कार्ड धरून उभे असलेले हे लोक शिक्का मारून घ्यायला आले आहेत. शिक्का चुकला तर भत्त्यावर पाणी सोडावं लागतं. दोनच वर्षांपूर्वी हा भत्ता कापला गेला, तेव्हा ॲमस्टरडॅमच्या योर्दान वस्तीत दंगल उसळली होती.

रांग इतकी लांब का? ब्रिटनने 1931 मध्येच सोन्याशी असलेलं चलनाचं नातं तोडलं. पंतप्रधान कोलाइन यांनी मात्र गिल्डर हे डच चलन सोन्याला बांधून ठेवलं. त्यामुळे डच माल परदेशात महाग पडू लागला आणि देशात मजुरी, खर्च, भत्ते सगळंच आवळायची वेळ आली. गिल्डरची गाठ सुटली ती थेट गेल्या महिन्याच्या, म्हणजे सप्टेंबरच्या, अखेरीस.

आता केंद्रीय सांख्यिकी कार्यालयात चला. इथे यान टिनबर्गन काम करतात. वय 33, शिक्षण भौतिकशास्त्राचं, लायडनमध्ये एरेनफेस्ट यांच्या हाताखाली झालेलं. लष्करात जायला त्यांनी नकार दिला आणि पर्यायी सेवा म्हणून ते या कार्यालयात आले. त्यांच्या टेबलावरच्या कागदांवर 24 समीकरणं आहेत आणि त्यांत अख्खी डच अर्थव्यवस्था मांडलेली आहे: मजुरी, किमती, आयात, निर्यात, नफा, रोजगार. संपूर्ण देशाचं असं आकडेवारीवर उभं केलेलं मॉडेल याआधी कुणी केलेलं नाही.

कागदावर वाकून बघा. गेल्या वर्षी नफा किती झाला, त्यावर यंदाची गुंतवणूक ठरते. पण किती प्रमाणात? तो गुणक मनाने ठरवायचा नाही, मागच्या वर्षांच्या आकड्यांतून काढायचा. जी रेषा घेतली असता प्रत्यक्ष आकड्यांपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी येईल, ती रेषा निवडायची. इलेक्ट्रॉनिक संगणक अजून जन्माला आलेला नाही, सगळं काम माणसांच्या हातचं आहे. आकडेही थोडे, जेमतेम दहाएक वर्षांचे. एक बेरीज चुकली तर पुढची पानंच्या पानं पुन्हा करावी लागतात.

मग मॉडेलला प्रश्न विचारायचे. सरकारी बांधकामं काढली तर? आयात रोखली तर? मजुरी कापली तर? चलनाचं अवमूल्यन केलं तर? प्रत्येक उपायाला समीकरणांतून वर्षानुवर्षं चालवत न्यायचं आणि रोजगाराचं काय होतं ते बघायचं. उत्तर अवमूल्यनाच्या बाजूने पडलं. टिनबर्गन यांचा हा निबंध डच अर्थतज्ज्ञांच्या सभेपुढे याच महिन्यात चर्चेला येतो, तोवर सरकारने ते पाऊल उचललेलंही आहे.

इथून तीन वर्षं पुढे, सप्टेंबर 1939 मध्ये या. टिनबर्गन यांनी राष्ट्रसंघासाठी लिहिलेल्या पुस्तकावर 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स तुटून पडले आहेत. सगळी कारणं तुम्हाला आधीच ठाऊक आहेत का? ती सगळी मोजता येतात का? कालची परिस्थिती उद्याही तशीच राहील हे कशावरून? पुढच्या वर्षीच्या, 1940 मधल्या, टिपणात ते लेखकाच्या प्रामाणिकपणाला दाद देतात, पण या पद्धतीला किमया म्हणायलाही कचरत नाहीत.

केन्स यांचे प्रश्न आजही जिवंत आहेत. तरीही मला टिनबर्गन यांचीच बाजू पटते. भत्ता कापणाऱ्या सरकारच्या डोक्यातही एक मॉडेल होतंच. ते कागदावर नव्हतं, त्यामुळे रांगेतल्या माणसाला काय, संसदेलाही ते तपासता येत नव्हतं. टिनबर्गन यांनी आपली गृहीतकं उघड्यावर मांडली, म्हणून तर केन्स त्यांच्यावर बोट ठेवू शकले.

मॉडेल चुकतं तेव्हाही हा उघडेपणा कामी येतो. ऑगस्ट 1945 मध्ये वॉशिंग्टनला चला. युद्ध संपलंय, कारखान्यांच्या लष्करी ऑर्डरी रद्द होताहेत आणि सरकारी अर्थतज्ज्ञ पुढच्या वसंतापर्यंत 80 लाख बेकार होतील असं सांगताहेत. प्रत्यक्षात बेकारी त्याच्या निम्म्यावरही गेली नाही. युद्धात लोकांनी पैसा साठवला होता आणि मोटारी, घरं, फर्निचर यांची वर्षानुवर्षं दाबलेली मागणी एकदम बाहेर आली. शिकागोत तरुण अर्थतज्ज्ञ लॉरेन्स क्लाइन हे आधीच सांगत होते. भाकीत फसलं ते ग्राहकखर्चाच्या समीकरणापाशी, हे नेमकेपणाने दाखवता आलं.

1976 मध्ये अर्थतज्ज्ञ रॉबर्ट लुकास यांनी अशा मॉडेलांवर त्याहून खोलवर घाव घातला. धोरण बदललं की लोकांच्या अपेक्षा बदलतात आणि जुन्या आकड्यांतून काढलेले गुणकही बदलतात. महागाई वाढू दिली की बेकारी घटते, हे नातं लोक महागाई गृहीत धरायला लागल्यावर टिकलं नाही. तेव्हापासून अपेक्षा हा मॉडेलचाच भाग झाला.

आता परत या, मुंबईच्या फोर्टमध्ये, रिझर्व्ह बँकेच्या दारात. कुटुंबांना पुढे महागाई किती वाटते, हे बँक सर्वेक्षण करून विचारते, ते याच धड्यामुळे. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये तिचा पतधोरण अहवाल निघतो. त्यातल्या महागाईच्या आलेखात मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारखा पसरत जाणारा पट्टा असतो. बँक ऑफ इंग्लंडने अशी मांडणी फेब्रुवारी 1996 मध्ये सुरू केली. जितकं पुढचं भाकीत, तितका पट्टा रुंद, कारण तितकी अनिश्चितता जास्त.

दुसऱ्या दिवशी बातमीत मात्र मधला एकच आकडा येतो आणि पुढे तो चुकला की सगळे अर्थतज्ज्ञ खोटे ठरतात. हा अन्याय आहे, आणि त्यात नुकसान आपलंच आहे. त्याच अहवालात कच्च्या तेलाचा भाव, रुपयाचा विनिमय दर आणि पाऊसपाणी काय धरलंय ते स्पष्ट लिहिलेलं असतं. तेल महागलं किंवा पावसाने ओढ दिली तर आकडा किती हलेल, हेही दिलेलं असतं. अहवाल बँकेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. पुढचा अहवाल आला की आधी गृहीतकांचा तक्ता उघडा, मग पट्ट्याची रुंदी बघा, आणि मधला आकडा सगळ्यात शेवटी वाचा.