महाड व पोलादपूर तालुक्यांची अर्थव्यवस्था आणि स्वच्छ ऊर्जा

महाड आणि पोलादपूर हे महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, सावित्री नदीच्या खोऱ्यात वसलेले दोन तालुके आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या भागाचे अर्थजीवन प्रामुख्याने तीन गोष्टींवर अवलंबून आहे : मुंबई व परदेशातून गावी येणारा पैसा, महाड औद्योगिक वसाहतीतील रसायन उद्योग आणि पावसावरची भातशेती. भरपूर पाऊस व घाटाचा तीव्र उतार यांमुळे हा प्रदेश जलविद्युतनिर्मितीस अनुकूल मानला जातो. तरीही उत्तरेकडील कुंडलिका आणि दक्षिणेकडील वाशिष्ठी या शेजारच्या खोऱ्यांत अनेक दशके वीज तयार होत असताना सावित्रीच्या खोऱ्यात मोठा जलविद्युत प्रकल्प उभा राहिलेला नाही. जून २०२३ मध्ये राज्य शासनाने केलेल्या एका सामंजस्य करारात ‘सावित्री’ या नावाच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पाचा समावेश झाल्यापासून या खोऱ्यातील स्वच्छ ऊर्जेच्या गुंतवणुकीची चर्चा नव्याने सुरू झाली.

भौगोलिक पार्श्वभूमी

सावित्री नदी महाबळेश्वरच्या पठारावर, सुमारे १,३५० मीटर उंचीच्या प्रदेशात उगम पावते. कृष्णा, वेण्णा आणि कोयना या नद्याही याच पठारावर उगम पावतात, पण त्यांचे पाणी शेवटी पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र पश्चिमेकडे कोसळते. महाबळेश्वर ते पोलादपूर हे सरळ रेषेतील अंतर जेमतेम वीस किलोमीटर आहे आणि तेवढ्यात नदी आपली बहुतेक सर्व उंची गमावते. पुढे काळ व गांधारी या नद्यांचे पाणी घेऊन ती महाड शहराजवळून वाहते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. भरतीचे पाणी खाडीतून महाडच्या परिसरापर्यंत चढते. एके काळी त्यामुळे महाड हे घाटमाथ्याशी व्यापार करणारे बंदर होते. आज त्याच कारणाने पुराचे पाणी लवकर ओसरत नाही.

तालुक्यांत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून वाहून जातो. काळ्या कातळात पाणी फारसे मुरत नाही, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत पोलादपूर तालुक्यातील अनेक वाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेविषयीचा कोणताही विचार या विसंगतीपासूनच सुरू करावा लागतो.

अर्थव्यवस्था

२०११ च्या जनगणनेनुसार महाड तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार, तर पोलादपूरची सुमारे ४५ हजार होती. दोन्ही तालुक्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक आहे. कामासाठी बाहेरगावी गेलेले पुरुष हे त्याचे मुख्य कारण होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथील कुटुंबे मुंबईच्या कापड गिरण्यांत, गोदीत आणि घरकामात रोजगार शोधत आली. गिरणगावातून येणाऱ्या मनिऑर्डरीवर गावाकडची शेती तगून राहिली. १९८२ च्या गिरणी संपानंतर हा आधार खिळखिळा झाला. लष्करी नोकरी हा दुसरा जुना मार्ग. पहिल्या महायुद्धात मोठ्या संख्येने सैनिक पाठवणारे महाड तालुक्यातील आंबवडे हे गाव ‘फौजी आंबवडे’ या नावानेच ओळखले जाते आणि तेथे निवृत्तिवेतन हे आजही उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन आहे. खाडीकाठच्या कोकणी मुस्लिम कुटुंबांतील अनेकजण आखाती देशांत काम करतात.

शेतजमिनीचे तुकडे लहान आहेत आणि भात हे मुख्य पीक आहे. डोंगरउतारावर नाचणी व वरी घेतली जाते. सिंचनाचे पंप कमी असल्यामुळे शेतीची वीजमागणी देशावरील तालुक्यांच्या तुलनेत अगदीच थोडी आहे. कातकरी समाजातील भूमिहीन कुटुंबे हंगामी मजुरीसाठी स्थलांतर करतात. कोळसाभट्ट्यांवरील काम हा त्यांच्या स्थलांतराचा जुना प्रकार आहे. लाकडापासून कोळसा पाडण्याचा हा धंदा ऊर्जेच्या इतिहासात सहसा नोंदला जात नाही, पण या भागातील सर्वांत गरीब माणसांचा ऊर्जाक्षेत्राशी संबंध आला तो याच मार्गाने.

किल्ले रायगड, चवदार तळे, शिवथरघळ, उमरठ येथील तानाजी मालुसरे यांची समाधी आणि आंबेनळी घाटातून जाणारा प्रतापगड-महाबळेश्वर रस्ता यांमुळे पर्यटनाचा थोडाफार लाभ मिळतो.

महाड औद्योगिक वसाहत

बिरवाडी परिसरातील महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) वसाहत हा दोन्ही तालुक्यांतील संघटित रोजगाराचा सर्वांत मोठा स्रोत आहे. सुदर्शन केमिकल, लक्ष्मी ऑरगॅनिक, प्रिव्ही यांसारख्या कंपन्यांचे कारखाने येथे असून रंगद्रव्ये, सुगंधी रसायने, द्रावके व औषधांचा कच्चा माल यांचे उत्पादन होते. वसाहतीचे सांडपाणी सामाईक प्रक्रिया केंद्रातून सावित्रीच्या खाडीत सोडले जाते. खाडीतील मासेमारी घटल्याची भोई व कोळी समाजाची तक्रार जुनी आहे.

ऊर्जेच्या दृष्टीने रसायन उद्योगाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेणे आवश्यक आहे. अशा कारखान्यांना विजेइतकीच, किंबहुना अनेकदा तिच्याहून अधिक, उष्णता लागते. ऊर्ध्वपातन, वाळवण आणि अभिक्रियापात्रे तापवणे ही कामे वाफेवर चालतात आणि वाफेसाठीच्या बॉयलरमध्ये कोळसा, भट्टीतेल, वायू किंवा शेतकचऱ्याच्या कांड्या जाळल्या जातात. केंद्र सरकारच्या २०२२ च्या हरित ऊर्जा खुला प्रवेश नियमांनी १०० किलोवॅट मागणीच्या ग्राहकांनाही राज्यात कोठूनही अपारंपरिक वीज विकत घेण्याची मुभा दिली. त्यामुळे महाडच्या कारखान्याने सौर वीज वापरायची ठरवली तरी तिचे पॅनेल सोलापूर किंवा धाराशिवच्या माळरानावर असू शकतात. तालुक्यात त्या गुंतवणुकीचा रुपयाही येईलच असे नाही. उष्णतेचा प्रश्न मात्र असा दूरवरून सुटत नाही. तो सोडवणारी गुंतवणूक कारखान्याच्या आवारातच करावी लागते.

शेजारच्या खोऱ्यांतील जलविद्युत

टाटा समूहाने खोपोली (१९१५) आणि भिवपुरीनंतर (१९२२) १९२७ मध्ये माणगाव तालुक्यातील भिरा येथे तिसरे जलविद्युत केंद्र सुरू केले. त्यासाठी पुणे जिल्ह्यात मुळशी येथे धरण बांधण्यात आले. त्याविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह झाला होता. पूर्ववाहिनी मुळा नदीचे पाणी बोगद्यातून व नळांतून कोकणात उतरवून तयार केलेली वीज मुंबईला गेली. याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, महाडमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. घाटावरचे पाणी यंत्रांनी मुंबईच्या गिरण्यांसाठी वळवले जात असताना पन्नासेक किलोमीटरवरील गावात सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्याच्या हक्कासाठी माणसांना संघर्ष करावा लागत होता.

दक्षिणेकडे १९६० च्या दशकात कोयना प्रकल्प सुरू झाला. त्याची एकूण क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट असून वीजनिर्मितीनंतरचे पाणी वाशिष्ठी नदीत सोडले जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवता येणाऱ्या पाण्यावर मर्यादा घातली आहे, पण पावसाळा संपल्यावरही चिपळूणजवळची वाशिष्ठी वाहती राहते ती या पाण्यामुळेच. उत्तरेत भिऱ्याच्या पाण्यामुळे कुंडलिका बारमाही झाली. रोहा-माणगाव भागातील कालव्यांना, रोह्याच्या कारखान्यांना आणि अलीकडे कोलाडच्या राफ्टिंग व्यवसायालाही त्याचा उपयोग झाला. शेजारच्या दोन्ही खोऱ्यांना विजेपेक्षा मोठा लाभ झाला तो या अवजल पाण्याचा. सावित्रीला असे कोणतेही पाणी मिळालेले नाही.

उदंचन प्रकल्प

जून २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाचा ऊर्जा विभाग आणि केंद्र सरकारची एनएचपीसी ही कंपनी यांच्यात एकूण ७,३५० मेगावॅट क्षमतेच्या चार उदंचन जलविद्युत प्रकल्पांसाठी सामंजस्य करार झाला. त्यांत काळू (१,१५० मेगावॅट), सावित्री (२,२५० मेगावॅट), जालोंद (२,४०० मेगावॅट) आणि केंगाडी (१,५५० मेगावॅट) यांचा समावेश आहे. चारही प्रकल्पांसाठी अपेक्षित गुंतवणूक सुमारे ४४ हजार कोटी रुपये सांगण्यात आली. त्याच वर्षी टाटा पॉवरनेही शिरवटा व भिवपुरी येथील २,८०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी शासनाशी करार केला. सामंजस्य करार म्हणजे मंजुरी नव्हे. सविस्तर प्रकल्प अहवाल, पर्यावरण व वन विभागाच्या परवानग्या आणि भूसंपादन हे टप्पे त्यानंतर येतात.

उदंचन प्रकल्पात डोंगरावर एक व पायथ्याशी एक असे दोन जलाशय असतात. दुपारी सौर वीज स्वस्त असताना खालचे पाणी वर चढवले जाते आणि संध्याकाळी मागणी वाढल्यावर तेच पाणी खाली सोडून वीज मिळवली जाते. ५०० मीटर उंचीवरून उतरणाऱ्या एक घनमीटर पाण्यापासून साधारण सव्वा युनिट वीज मिळते, मात्र ते वर चढवण्यासाठी त्याहून अधिक वीज खर्च झालेली असते. एकूण फेऱ्यात वीस ते पंचवीस टक्के ऊर्जा वाया जाते. त्यामुळे असा प्रकल्प वीज निर्माण करणारा नसून साठवणारा असतो. भिऱ्यालाही १९९७ पासून १५० मेगावॅटचा असा संच आहे.

महाड-पोलादपूरच्या दृष्टीने यातील महत्त्वाची बाब पाण्याची आहे. पारंपरिक जलविद्युत प्रकल्पातून पाणी पुढे नदीत जाते. उदंचन प्रकल्पात तेच पाणी वर-खाली फिरत राहते, एकदा जलाशय भरल्यावर केवळ बाष्पीभवनाची तूट भरून काढावी लागते. म्हणजे कुंडलिका किंवा वाशिष्ठीसारखी सावित्री बारमाही होण्याची अपेक्षा अशा प्रकल्पाकडून करता येत नाही. वाड्यांना पाणी द्यायचे असल्यास ती तरतूद प्रकल्पाच्या आराखड्यातच वेगळी करावी लागेल. रोजगारही बांधकामाच्या काळात अधिक आणि नंतर थोडा असतो.

वीज एकीकडे आणि तिची किंमत मोजणारी गावे दुसरीकडे, ही स्थिती जगात इतरत्रही दिसते. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात व्होल्टा नदीवर १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या अकोसोम्बो धरणाची बरीच वीज तेमा येथील ॲल्युमिनियम कारखान्याला गेली. धरणामुळे सुमारे ८० हजार लोक विस्थापित झाले आणि त्यांच्या अनेक नव्या वसाहतींना दीर्घकाळ विजेची वाट पाहावी लागली.

सौर ऊर्जा

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घराच्या छपरावरील ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. महाड शहरात व वसाहतीच्या आसपास तिचा उपयोग होऊ शकतो. डोंगरी गावांत अडचणी वेगळ्या आहेत. अनेक घरे कौलारू आहेत, त्यांचे जुने लाकडी वासे पॅनेलचा भार व वारा सहन करतीलच असे नाही. कित्येक घरे शिमगा, मे महिना आणि गणपती सोडल्यास बंद असतात. उरलेल्या घरांत वृद्ध माणसे आणि महिन्याला मोजकी युनिटे इतकाच वापर. जिथे बिलच लहान, तिथे अनुदान कितीही असले तरी संच बसवण्याचे प्रयोजन उरत नाही. शिवाय पावसाळ्याच्या चार महिन्यांत ढगांमुळे उत्पादन बरेच घटते. कृषिपंपांच्या वाहिन्या सौर विजेवर आणणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनाही पंपच थोडे असलेल्या या भागाला फारशी लागू पडत नाही.

आपत्ती आणि गुंतवणूक

२५ व २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरडीखाली ८० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले; त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. महाबळेश्वर येथे त्या वेळी २४ तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि वीजपुरवठा खंडित झाला.

नेट मीटरिंगवर चालणारा नेहमीचा सौर संच अशा वेळी उपयोगी पडत नाही. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कामगाराला धक्का बसू नये म्हणून महावितरणचा पुरवठा बंद होताच तो आपोआप बंद होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रे, शाळा व पाणीयोजना यांना पुराच्या काळात वीज हवी असल्यास पुरेशी बॅटरी आणि पूररेषेच्या वर बसवलेली यंत्रणा लागते. तिचा खर्च छपरावरील साध्या संचापेक्षा बराच अधिक असतो.

केंद्र सरकारने ३१ जुलै २०२४ रोजी काढलेल्या पश्चिम घाट संवेदनक्षेत्राच्या मसुदा अधिसूचनेत सहा राज्यांतील ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र असून त्यांपैकी १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्रातील आहे. महाड व पोलादपूर तालुक्यांतील अनेक गावे त्यात येतात. मसुद्यानुसार खाणी व नवे औष्णिक वीजप्रकल्प यांना बंदी आहे. जलविद्युत प्रकल्पांना मात्र उन्हाळ्यात नदीतील किमान ३० टक्के प्रवाह अखंड ठेवण्यासारख्या अटींवर परवानगी मिळू शकते.