वाशिष्ठीच्या पाण्यावरून

ऐतिहासिक स्थळे पाहावयास निघालेला मनुष्य आपल्याकडे बहुधा रस्त्याने जातो आणि गड चढतो. घाटावरच्या इतिहासाला हे ठीक आहे. कोकणातील जुनी बंदरे मात्र पाण्याकडे तोंड करून वसलेली आहेत. रस्त्याने जाणारास त्यांची पाठ तेवढी दिसते. म्हणून वाशिष्ठीच्या खाडीतील दाभोळ ते गोवळकोट हा भाग आम्ही होडीतून, भरतीबरोबर पाहिला.

खाडीच्या मुखाशी उत्तरेस दाभोळ आणि दक्षिणेस अंजनवेल. बहमनी व पुढे आदिलशाही अमलात दाभोळ हे मोठे बंदर होते. अरबस्तानातले घोडे येथे उतरत. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४७२ च्या सुमारास होर्मुझकडे परत निघाला, तो येथूनच. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मैदाने हेच शहर जाळले व रहिवाशांची कत्तल केली. आज धक्क्याजवळची जुनी मशीद तेवढी त्या वैभवाची साक्ष देते.

हे वैभव आले कोठून? होडी आत शिरली म्हणजे उत्तर मिळते. मोठ्या गलबतांचा माल लहान पडावांत चढे व भरतीच्या जोरावर गोवळकोटास पोहोचे. तेथून चिपळूणची पेठ जवळच. पुढे बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली घाटाने कऱ्हाड. समुद्रापासून चाळीसएक किलोमीटर आत असलेले चिपळूण बंदर ठरले, ते या भरतीमुळे.

या वाटेच्या दोन्ही टोकांना किल्ला आहे, ही गोष्ट नकाशापेक्षा होडीतून चांगली उमगते. अंजनवेलीचा किल्ला दार राखतो, गोवळकोट पेठ राखतो. जंजिरेकरांचा अंमलदार सिद्दी सात याच्याकडे हे दोन्ही किल्ले होते. त्याने १७२७ मध्ये चिपळूणजवळचे परशुरामाचे देवालय उद्ध्वस्त केले. १७३६ मध्ये चिमाजीअप्पांनी त्याला रणांगणावर ठार केले. तरीही किल्ले सिद्दीकडेच राहिले! ते घेतले १७४५ च्या सुमारास तुळाजी आंग्रे याने, आणि त्यांस गोपाळगड व गोविंदगड अशी नावे दिली. जमिनीवरील विजयाने खाडी मिळत नाही, तिला आरमारच लागते, एवढा बोध यातून आम्ही घेतो.

पुढे मोटाररस्ते झाले, मुंबईच्या आगबोटी बंद पडल्या आणि गोवळकोटचा धक्का ओस पडला. खाडीची कोणास गरज उरली नाही. मग तिच्यात साचणाऱ्या गाळाकडे तरी कोण पाहणार? २००५ च्या आणि २२ जुलै २०२१ च्या महापुरांत चिपळूणची बाजारपेठ बुडाली. अतिवृष्टी हे त्याचे पहिले कारण खरेच. पण गाळाने उथळ झालेल्या नदीचाही त्यात वाटा होता. २०२१ नंतर नागरिकांनी आंदोलन केले, तेव्हा गाळ काढण्याचे काम हाती घेतले गेले.

ज्या काळी पडाव चालत, त्या काळी खाडीची खोली हा व्यापाऱ्याच्या रोजच्या पोटाचा प्रश्न होता. आज तो गावाच्या जीविताचा प्रश्न झाला आहे. वाशिष्ठीचा इतिहास केवळ जुन्या बंदराची आठवण म्हणून वाचणे आता चिपळूणकरांस परवडणारे नाही. त्यांनी, आणि आपणही, तो एकदा पाण्यावरून वाचावा.