मातीचे बैल आणि तामागोची

बांदाई या जपानी कंपनीने २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अंड्याच्या आकाराचे, मुठीत मावेल असे एक खेळणे बाजारात आणले. ‘तामागो’ म्हणजे अंडे. त्याला इंग्रजी ‘वॉच’ची जपानी शेपटी जोडून नाव झाले तामागोची. अकिहिरो योकोई आणि आकी माइता हे दोघे त्याचे जनक मानले जातात. घड्याळ लावले की पाच मिनिटांत पडद्यावरचे अंडे फुटे आणि ठिपक्यांचे एक पिल्लू बाहेर येई. खाली तीन बटणे. त्यांच्या साहाय्याने पिल्लाला भरवायचे, खेळवायचे, त्याची घाण काढायची, आजारी पडल्यास सुई टोचायची आणि ते झोपले की दिवा मालवायचा. भुकेचे चार बदाम रिकामे झाले की ते पीं-पीं करून हाक मारी. हेळसांड झाली तर मरून जाई. जपानी पडद्यावर मग थडगे व भूत दिसे; इंग्रजी आवृत्तीत त्याच जागी देवदूत आला. मरण एकच, पण प्रत्येक देशाची समजूत घालण्याची रीत निराळी!

पहिल्या लाटेत अशी सुमारे ४ कोटी अंडी खपली. आपल्याकडेही त्यांच्या स्वस्त नकला आल्या. पिल्लाला शाळेची वेळ कळत नसल्याने १९९७ साली परदेशांतील कित्येक शाळांनी त्यावर बंदी घातली, आणि मुले वर्गात असताना पिल्लांना भरवण्याचे काम आई-वडिलांच्या गळ्यात पडले. त्याच वर्षी योकोई व माइता यांना अर्थशास्त्राचे ‘इग नोबेल’ हे विनोदी पारितोषिक मिळाले. कोट्यवधी तासांचे मानवी श्रम आभासी पशुपालनाकडे वळवले, ही त्यांची कामगिरी!

हसू येते खरे. पण निर्जीव जनावराला घास भरवणे आपल्या सीमाभागाला नवे आहे काय?

आपल्याकडे बेंदूर दोनदा येतो. ज्येष्ठी पौर्णिमेच्या सुमारास कर्नाटकी बेंदूर, ज्याला कन्नड घरांत कारहुण्णिमे म्हणतात. आणि आषाढात महाराष्ट्री बेंदूर. निपाणीकडच्या माणसाला ही दोन्ही नावे समजावून सांगावी लागत नाहीत. शिवाय ज्येष्ठ अमावास्या ही कन्नड मुलुखात ‘मण्णेत्तिन अमावास्ये’. मण्णु म्हणजे माती, एत्तु म्हणजे बैल. कुंभाराकडून बैलांची जोडी घरी येई, बदल्यात सुपातले धान्य जाई. पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचे आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. पोळीचा तुकडा बैलाच्या तोंडाला लावताना तो खात नाही हे पोराला ठाऊक असे, तरी लावल्यावाचून त्याला चैन पडत नसे. बेळगावचे २०१४ साली सरकारदप्तरी ‘बेळगावी’ झाले; कुंभाराच्या हाऱ्यातला बैल मात्र दोन्ही भाषांच्या घरांत एकाच मापाचा राहिला.

ही हौस फार जुनी. मोहेंजोदडोच्या उत्खननात मान हलणारा मातीचा बैल सापडला आहे. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो, त्यात लाकडी नंदी सजवून मिरवतात. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांच्या वेळची असल्याचे सांगतात.

तरीही दोन खेळण्यांत भेद आहे, आणि माझ्या मते तो मातीचा किंवा विजेचा नव्हे. तामागोचीचे पिल्लू एकट्या पोराच्या जिवावर जगे. ते मेले तर दोष त्याच्या एकट्याचा. बैलाचे तसे नव्हते. पुरण आजी वाटी, जोडी बाप आणी आणि पूजा आई सांगे. दुसरे असे की पाटावरच्या जोडीची खरी जोडी मागे गोठ्यात उभी असे. त्याच दिवशी तिला न्हाऊ घालून शिंगे रंगवायची, झूल घालायची, संध्याकाळी कर तोडायला न्यायची. सकाळी मातीच्या बैलापुढे जो हात नैवेद्य धरी, तोच संध्याकाळी खऱ्या बैलापुढे वैरण टाकी. मुलाने सकाळी गिरवलेला धडा असा संध्याकाळी उपयोगी पडे. जपानी पिल्लाच्या मागे गोठाच नव्हता.

पण आता आपल्या तरी पाटामागे गोठा कुठे राहिला? नांगरटीला ट्रॅक्टर आला. तंबाखूच्या दोन ओळींतल्या कोळपणीला आणि उसाच्या गाड्यांना काही ठिकाणी बैल लागतात, तेवढेच. शहरातल्या घरांत तर कित्येक मुलांनी बैलाच्या मानेवर हात फिरवलेला नसतो. त्यांच्या दृष्टीने पाटावरची जोडी ही तामागोचीसारखीच न पाहिलेल्या जनावराची आकृती. बांदाईने २०२५ साली जगभरात १० कोटींहून अधिक तामागोची विकल्याचे जाहीर केले. आपला कुंभार ज्येष्ठात मातीची जोडी घेऊन अजून बाजारात बसतो. ती घ्यायला येणारी आई पोराला सांगते, याची शिंगे जप, पटकन मोडतात. आणि पोर विचारते, खऱ्याची पण मोडतात का?