गाजलेले आणि राहून गेलेले

काय ठेवावे आणि काय गाळावे, हा इतिहास लिहिणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न. दफ्तरे चाळणाऱ्या संशोधकाला पडणारा हा पेच एका गायिकेला आपल्याच गाण्यांविषयी पडला. तिने तो कसा सोडवला, ती हकीकत आम्हांला उद्बोधक वाटते.

जोनी मिचेल या मूळच्या कॅनडाच्या. जन्म १९४३ चा. नवव्या वर्षी त्यांना पोलिओने गाठले. पुढे गीतही स्वतः रचावे, चालही स्वतः बांधावी आणि गिटार घेऊन स्वतःच गावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. १९६८ साली पहिली तबकडी निघाली. लोकगीतांच्या वळणाने सुरू झालेली ही वाट हळूहळू जाझ संगीताकडे वळली, तसे पुष्कळ श्रोते मागे राहिले. अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत त्यांचे एकच गाणे पोचले, तेही १९७४ साली.

ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीला त्यांच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह हवा होता. अशा व्यवहारात खर्च थोडा आणि खपाची आशा मोठी. पण एकदा असा संग्रह निघाला, की पुष्कळांच्या लेखी तेवढ्यातच तो कलावंत संपतो. मिचेलबाईंनी दीर्घकाळ नकार दिला. अखेर त्या राजी झाल्या त्या एका अटीवर: जोडीला दुसरा संग्रह निघावा, आणि त्यात न गाजलेली, पण त्यांना स्वतःला मोलाची वाटणारी गाणी असावीत. १९९६ साली 'हिट्स' आणि 'मिसेस', म्हणजे नेम लागलेली आणि नेम चुकलेली, असे दोन संग्रह बरोबरच निघाले. पहिल्यात १५ गाणी, दुसऱ्यात १४.

या दुसऱ्या संग्रहात 'द मॅग्डलिन लॉन्ड्रीज' हे १९९४ चे गीत आहे. आयर्लंडमध्ये जोगिणींच्या संस्था चालवीत असलेल्या धुलाईघरांत स्त्रियांना कोंडून, वेतनाशिवाय राबवले जाई. त्यांची व्यथा त्यात आहे. संग्रह निघाला त्याच वर्षी तेथील शेवटचे धुलाईघर बंद झाले. २०१३ साली आयर्लंडच्या पंतप्रधानांनी पार्लमेंटात त्या स्त्रियांची क्षमा मागितली. ती या गीतामुळे मागितली, असे आम्ही म्हणत नाही. परंतु केवळ गाजलेलेच जपले असते, तर ही साक्ष संग्रहाबाहेरच राहिली असती.

खप हाही एक साक्षीदार आहे; त्याची जबानी अवश्य घ्यावी. मात्र त्या एकट्याच्या जबानीवर निवाडा देऊ नये. ज्याची टाळी हुकली, त्याचेही ऐकून घेणे हे इतिहासाचे काम आहे.