वादळ कुठे येणार ते कळतं, नुकसानीचं काय?

‘सायक्लोन’ हा शब्द जगाला कोलकात्याने दिला, हे किती जणांना माहीत आहे?

हेन्री पिडिंग्टन नावाचा एक इंग्रज. आधी जहाजावर कप्तान, मग कोलकात्यात स्थायिक. बंगालच्या उपसागरातली वादळं नोंदवायची, जहाजांच्या डायऱ्या जुळवायच्या, हा त्याचा ध्यास. वादळातला वारा सापाच्या वेटोळ्यासारखा फिरतो हे बघून ग्रीक शब्दावरून त्याने ‘सायक्लोन’ हे नाव पाडलं. पण त्याचं खरं मोठं काम वेगळंच आहे.

तेव्हा हुगळी नदी गाळाने भरत होती. म्हणून सरकारने ठरवलं की कोलकात्याच्या खाली, सुंदरबनच्या तोंडाशी मातला नदीवर नवं बंदर करायचं. पिडिंग्टनने 1853 साली थेट गव्हर्नर जनरल डलहौसीला पत्र लिहिलं. एक दिवस वादळात समुद्राचं पाणी एकदम चढेल आणि अख्खी वसाहत 5 ते 15 फूट पाण्याखाली जाईल, असा त्याचा इशारा होता.

नीट बघा, पुढच्या आठवड्यात वादळ येणार असं तो म्हणत नव्हता. त्या जागी वस्ती केलीत तर काय होईल, ते सांगत होता. म्हणजे हा हवेचा अंदाज नव्हता, नुकसानीचा अंदाज होता.

ऐकलं कोणी? नाही. पिडिंग्टन 1858 साली वारला. बंदराला पुढच्या गव्हर्नर जनरलचं, म्हणजे कॅनिंगचं नाव मिळालं. धक्के झाले, घरं झाली, रेल्वे आली. मध्ये 1864 साली कोलकात्याला भयंकर चक्रीवादळाने झोडपलं, हजारो माणसं गेली, तरी कॅनिंगचं काम चालूच! अखेर 1867 च्या नोव्हेंबरात वादळ आलं. फार मोठंही नव्हतं. साधारण 6 फूट पाणी चढलं आणि बंदराची वाट लागली. काही वर्षांत ते सोडूनच द्यावं लागलं.

1864 च्या धक्क्यानंतर कोलकाता बंदरासाठी वादळाच्या सूचना देण्याची व्यवस्था झाली आणि 1875 मध्ये भारतीय हवामान खातं उभं राहिलं. तिथून आपण खूप पुढे आलो. 1999 च्या ओडिशातल्या महावादळात सुमारे 10 हजार माणसं गेली. 2013 च्या फायलिनमध्ये वेळेवर लाखो लोक हलवले, मृतांचा आकडा शंभरच्या आत राहिला. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण आता आपल्या दारात या. 3 जून 2020, निसर्ग. इशारा आधी मिळाला होता, किनाऱ्यावरची माणसं हलवली होती. तरी श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड भागात पत्रे-कौलं उडाली, विजेचे खांब पडले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मदत आली ती हेक्टरच्या हिशेबाने. ज्याची वाडीच दहा-वीस गुंठ्यांची, त्याच्या हातात काय पडणार? ओरड झाल्यावर झाडामागे मदतीचा निर्णय झाला. पण झाडं किती होती, याची नोंद कुठे होती?

वाऱ्याचा वेग सारखाच असला तरी नुकसान सारखं होत नाही. वाटेत काय उभं आहे आणि ते किती कच्चं आहे, यावर ते ठरतं. हे मोजायला उपग्रह लागत नाही. गावात कच्ची छपरं किती, झाडं किती, खारफुटी किती उरली, भरतीरेषेजवळ नवी बांधकामं किती, हे ग्रामपंचायत पावसाळ्याआधी लिहून ठेवू शकते.

उलट आपण काय केलं? 2019 च्या सीआरझेड नियमांत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरची 200 मीटरची बांधकामबंदी 50 मीटरवर आणली.

पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या गावाची ही यादी तयार आहे का? नसेल तर वादळाआधी करायची, की पंचनाम्याच्या वेळी?