ख्रिस्तपुराण राखणारे अनाम हात

ज्युबिलीच्या मंगलप्रसंगीं देणगीदारांचीं नांवें छापिलीं जातात, तें योग्यच आहे. परंतु ज्यांचीं नांवें कोठेंच छापिलीं गेलीं नाहींत, अशा सेवकांचें ऋणही मानिलें पाहिजे.

भारतांतील पहिला छापखाना १५५६ सालीं गोव्यास येशूसंघाच्या संत पॉल विद्यालयांत सुरू झाला. त्याचे मुद्रक ब्रदर हुआन दे बुस्तामांते यांचें नांव इतिहासानें राखिलें आहे. फादर थॉमस स्टीफन्सकृत मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रोमन लिपींत छापिलें गेलें. १६४९ व १६५४ सालीं पुढील आवृत्त्या निघाल्या. आज त्यांपैकीं एकही छापील प्रत ज्ञात नाहीं. मग सुमारें ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ वांचला कसा? भाविकांनीं तो हातानें उतरून घेतला व पिढ्यान्‌पिढ्या जपला. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ साल्ढाणा यांनीं तो पुन्हां प्रसिद्ध केला. कर्त्याचें व संपादकाचें नांव राहिलें. उतरून घेणारे बहुतेक अनामच राहिले.

फाटलेलीं गायनपुस्तकें शिवणें, सुटलेलीं पानें खळीनें चिकटविणें, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीस नवा पुठ्ठा घालणें, हें त्याच परंपरेंतील सेवाकार्य होय. गुप्तपणें केलेली सेवा स्वर्गीय पिता पाहतो. म्हणून सेवकानें मान मागूं नये. पण धर्मग्रामानें तो द्यावयास विसरूं नये. मनोर येथें यापुढें दुरुस्त होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर, आंतल्या बाजूस, सेवकाचें नांव व साल लिहावें. प्रभु त्या हातांस आशीर्वाद देवो.