पुण्याच्या धावांचे दप्तर

पुणे हे पहिल्यापासून दप्तरांचे शहर. पेशवाई बुडाली, परंतु तिचा जमाखर्च बुडाला नाही. मोडीत लिहिलेले आणि रुमालांत बांधलेले कागद पेशवे दप्तरात अद्याप जपून ठेवलेले आहेत, आणि राजे, सरदार व सावकार यांपैकी कोणाचीही कीर्ती जेथवर पोहोचत नाही तेथवर कारकुनाचा आकडा कसा पोहोचतो, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने ते रुमाल एकदा सोडून पाहावेत. ह्याच शहरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणखी एक दप्तर सिद्ध होत होते. ते क्रिकेटच्या धावांचे. गुणलेखक नावाचा जो निरुपद्रवी गृहस्थ मैदानाच्या कडेला टेबलापाशी बसतो, तो जुन्या फडाच्या शिस्तीनेच काम करतो. प्रत्येक चेंडू रोजकिर्दीप्रमाणे क्रमाने टिपावयाचा, तोच पुन्हा फलंदाजाच्या आणि गोलंदाजाच्या खात्यावर खतवावयाचा, आणि दिवसाअखेर फलंदाजांच्या धावा व अवांतर यांची बेरीज गोलंदाजांच्या खात्यावरील धावा व त्या खात्यांवर न पडणारे अवांतर यांच्या बेरजेशी जुळते की नाही ते ताडून पाहावयाचे. एका धावेचा मेळ बसला नाही तरी ते पान अशुद्ध.

ह्या दप्तरात ज्या संघाची पाने सर्वांत वाचनीय आहेत तो म्हणजे रणजी करंडकात खेळणारा महाराष्ट्राचा संघ. मुंबई त्यात नाही, विदर्भ नाही. पुणे हे त्याचे मुख्य ठाणे, आणि सांगली, कोल्हापूर, नाशिक, सोलापूर यांसारख्या गावांतून आलेले खेळाडू हे त्याचे बळ. राज्य म्हणून महाराष्ट्र १९६० साली अस्तित्वात आला. क्रिकेटमधील महाराष्ट्र १९३४ सालच्या पहिल्या रणजी हंगामापासून खेळत होता. त्याची विजेतेपदे केवळ दोन, १९३९-४० आणि १९४०-४१ ह्या लागोपाठच्या हंगामांतली. तेव्हापासून आजतागायत तिसरे नाही. १९७०-७१ मध्ये मुंबईने, १९९२-९३ मध्ये पंजाबने आणि २०१३-१४ मध्ये कर्नाटकाने त्याला अंतिम सामन्यात परतवले. करंडकांच्या यादीत असा दुय्यम ठरणारा हा संघ विक्रमांच्या यादीत मात्र अग्रभागी बसतो, आणि त्याचे सर्वांत थोर आकडे बहुधा अपुऱ्या राहिलेल्या किंवा हरलेल्या सामन्यांतले आहेत. ह्या विसंगतीमुळेच हे दप्तर उघडण्याची मला हौस वाटते.

आरंभ मात्र दप्तरात नसलेल्या गोष्टीपासून करावा लागतो. गेल्याच्या मागील शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात पळवणकर बाळू नावाचा एक चर्मकार समाजातील तरुण मैदान झाडण्याच्या, रूळ फिरवण्याच्या आणि जाळी बांधण्याच्या कामावर दरमहा चार रुपयांवर होता. कॅप्टन ग्रेग नावाचा एक नामांकित फलंदाज तेथे सरावाला येई, आणि त्याला तासन् तास चेंडू टाकण्याचे काम ह्या तरुणाकडे असे. ग्रेगला बाद केले की दर वेळी आठ आणे इनाम मिळे, असे सांगतात. बाळूच्या डावखुऱ्या फिरकीला जी विलक्षण शिस्त आली ती ह्या नोकरीत आली. त्याला तेथे फलंदाजी मात्र कोणी करू दिली नाही, आणि पुढे हिंदूंच्या संघाने जेव्हा त्याला खेळावयास घेतले तेव्हादेखील मैदानावर त्याच्या हातून चेंडू घेणारे सहकारी चहाच्या वेळी त्याचा पेला निराळा ठेवीत. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो हिंदी संघ विलायतेस गेला त्यात बाळूने ११४ गडी बाद केले. हे ११४ गडी कागदावर आहेत. पुण्याच्या जाळीत टाकलेले ते हजारो चेंडू, ज्यांच्यावाचून हे ११४ संभवले नसते, त्यांची नोंद कोणत्याही कारकुनाने केलेली नाही. दप्तर कितीही काटेकोर असले तरी कोणाचे नाव कोणत्या रकान्यात बसवावयाचे हे दप्तराबाहेरच ठरलेले असते.

त्यानंतर प्राध्यापक दि. ब. देवधरांचे पान. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा हा गृहस्थ १८९२ साली पुण्यात जन्मला आणि १९९३ साली, वयाची शंभरी ओलांडून, पुण्यातच निवर्तला. १९२६ साली इंग्लंडाहून आलेल्या गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबईत त्याने १४८ धावा काढल्या तेव्हा तो चौतिशीत होता. वास्तविक त्या वेळी हिंदुस्थानाला अधिकृत कसोटी सामने मिळाले असते तर त्याचे नाव आज निराळ्याच यादीत वाचावयास मिळाले असते. ते सामने १९३२ साली सुरू झाले, आणि चाळिशीला टेकलेल्या प्राध्यापकाला निवड करणाऱ्यांनी वगळले. येथे एखादा सामान्य खेळाडू पंचपदाकडे किंवा आठवणी लिहिण्याकडे वळला असता. देवधरांनी महाराष्ट्राचे नेतृत्व पत्करले, आणि त्यांच्याच कारकीर्दीत ते दोन करंडक आले. विजय हजारे हे सांगलीचे तरुण त्या संघात होते. १९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी काढलेल्या नाबाद ३१६ ह्या रणजी करंडकातील पहिल्या त्रिशतकाच्या धावा. पुढील हंगामात मुंबईविरुद्ध पुण्यात महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या, त्यांपैकी २४६ एकट्या देवधरांच्या, आणि मुंबईने त्याला ६५० धावांचे उत्तर दिले. केवळ पंचवीस धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे सरकला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाने मुंबईच्या गोलंदाजांना असे राबवावे, हे त्या काळच्या पुणेकरांना किती गोड वाटले असेल याची कल्पना करण्यास मुंबई-पुण्याचा पूर्वापार मामला ठाऊक असणे पुरेसे आहे. १९४४ साली नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके काढली, १०५ आणि १४१. तेव्हा वय बावन्न.

आता त्या आकड्याकडे यावे ज्यासाठी ह्या दप्तराचे नाव परदेशातही घेतले जाते. १६ डिसेंबर १९४८ रोजी पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड हा सामना सुरू झाला. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राच्या वतीने तिसऱ्या क्रमांकावर भाऊसाहेब निंबाळकर आले. मूळचे कोल्हापूरचे, आणि चारच दिवसांपूर्वी एकोणतीस वर्षे पूर्ण केलेले. कमल भांडारकरांसह त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली, जी त्या गड्यासाठी जगात तोवरची सर्वांत मोठी होती; भांडारकर २०५ वर बाद झाले, निंबाळकर खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशी उपाहारास खेळ थांबला तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ४९४ मिनिटे, ४९ चौकार, १ षटकार. म्हणजे सीमापार गेलेल्या धावा २०२, आणि उरलेल्या २४१ त्यांनी पायांनी मिळवलेल्या. जगात त्या दिवशी ह्याहून मोठी अशी एकच वैयक्तिक खेळी होती, १९३० साली सिडनीत डॉन ब्रॅडमनने काढलेली नाबाद ४५२. अंतर केवळ नऊ धावांचे होते.

काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब होते. आपल्या संघाविरुद्ध कोणी जागतिक विक्रम करावा ही नामुष्की त्यांना नको होती. उपाहाराच्या वेळी त्यांनी सामना सोडून दिला. महाराष्ट्राच्या बाजूने आर्जव झाले, दोन षटके टाका, मग आम्ही डाव घोषित करतो असे सुचवले गेले, परंतु काठेवाडची मंडळी सामान आवरून स्टेशनाच्या वाटेला लागली. ठाकोरसाहेबांवर नंतरच्या लेखकांनी पुष्कळ तोंडसुख घेतले आहे, आणि ते अनाठायी म्हणता येणार नाही. तरीही माझ्या मते ह्या प्रसंगात त्यांचे एक अनपेक्षित उपकार झाले. निंबाळकरांनी दहा धावा काढल्या असत्या तर त्यांचा विक्रम १९५९ च्या जानेवारीत कराचीत हनिफ महंमदने ४९९ काढताच कालबाह्य झाला असता, आणि आज तो यादीत एक जुनी ओळ म्हणून उरला असता. त्यांच्या नावापुढे न झालेल्या नऊ धावा उभ्या राहिल्या म्हणूनच ती ओळ वाचताना प्रत्येक वाचक थबकतो. ब्रॅडमनने स्वतः त्यांना पत्र पाठवून ही खेळी आपल्याहून सरस आहे असे कळवल्याचेही सांगतात. भारतात प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये ४४३ हा आकडा आजही सर्वोच्च आहे, आणि तो काढणाऱ्या माणसाला एकही अधिकृत कसोटी सामना लाभला नाही. २०१२ च्या डिसेंबरात, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, निंबाळकर वारले.

१९४८-४९ च्या त्याच हंगामात, मार्च महिन्यात, पुण्यातच उपांत्य सामना झाला, आणि तेथे काठेवाडासारखी कोणी सुटका करून घेतली नाही. त्या काळी बाद फेरीचे सामने निकाल लागेपर्यंत चालत, मग दिवस कितीही जावोत. मुंबईने पहिल्या डावात ६५१ केल्या, महाराष्ट्राने ४०७. दोनशे चव्वेचाळीस धावांची आघाडी हाती असताना कोणत्याही समंजस कर्णधाराने प्रतिपक्षाला पुन्हा खेळावयास लावले असते; मुंबईने स्वतःच पुन्हा फलंदाजी केली आणि ८ बाद ७१४ वर डाव घोषित केला. महाराष्ट्रासमोर ९५९ धावांचे लक्ष्य उभे राहिले. हा आकडा ऐकून कोणीही हात टेकावेत. महाराष्ट्राने ६०४ काढल्या. चौथ्या डावात ह्याहून मोठी धावसंख्या जगात एकदाच झाली आहे, १९३९ साली दर्बानमध्ये इंग्लंडने केलेली ५ बाद ६५४, आणि तो दहा दिवस चाललेला सामना इंग्लंडला बोट गाठावयाचे म्हणून अनिर्णित सोडावा लागला होता. पुण्यात बोटीची अडचण नव्हती. सात दिवसांनंतर मुंबई ३५४ धावांनी जिंकली, आणि चारही डावांची बेरीज ३८ गड्यांच्या मोबदल्यात २३७६ धावा इतकी झाली. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या धावा अन्यत्र कोठेही झालेल्या नाहीत. शतके नऊ. माधव मंत्रींच्या २०० धावा. उदय मर्चंटची १४३ व १५६, दत्तू फडकरांची १३१ व १६०. आणि हरणाऱ्या बाजूकडून मधुसूदन रेगे यांची १३३ व १००. एका सामन्यात तिघांनी दोन्ही डावांत शतके काढावीत, आणि त्यांपैकी एकाला घरी पराभव घेऊन जावे लागावे! गोलंदाजांविषयी बोलण्याची सोय नाही. त्यांच्या रकान्यांतील पृथक्करणे वाचताना पेशवाईच्या अखेरच्या वर्षांतील देण्यांच्या याद्या आठवतात.

अशा हरलेल्या संघांचे हिशेब जपण्याची खरी विद्या इंग्लंडातील फुटबॉलच्या खालच्या श्रेणीत पाहावयास मिळते. रॉचडेलसारखा संघ १९७४ पासून २०१० पर्यंत तळाच्याच श्रेणीत राहिला, आणि तरीही त्याच्या प्रत्येक सामन्याचा, प्रत्येक गोलाचा आणि प्रेक्षकसंख्येचा हिशेब ठेवणारी माणसे त्याच गावात पिढ्यान् पिढ्या निपजली. तेथे आकडे पुसलेही जातात. अॅक्रिंग्टन स्टॅन्ली ह्या क्लबाने १९६२ साली कर्जाच्या भाराखाली हंगामाच्या मध्येच लीग सोडली, तेव्हा त्या हंगामातील त्याचे सर्व निकाल रद्द करण्यात आले. त्याच नावाचा नवा क्लब १९६८ साली उभा राहिला आणि २००६ मध्ये लीगमध्ये परतला. पुण्यातील फुटबॉलला असा धीर धरता आला नाही. २००७ साली स्थापन झालेला पुणे एफ. सी. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि दशक पुरे होण्याच्या आतच त्याचा गाशा गुंडाळला गेला. त्यामागून आलेल्या एफ. सी. पुणे सिटीचा सनदी हक्क २०१९ साली हैदराबादेस गेला. मालक बदलला की बाडबिस्तारा हलतो, आणि आकडे कोणाच्या कपाटात ठेवावयाचे हेच ठरत नाही.

क्रिकेटचे दप्तर मात्र चालू राहिले, आणि त्यातील अपुरेपणाची खोड गेली नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात दिल्लीविरुद्ध मुंबईच्या वानखेडे मैदानावर स्वप्निल गुगळे (नाबाद ३५१) आणि अंकित बावणे (नाबाद २५८) यांनी तिसऱ्या गड्यासाठी ५९४ धावांची अभंग भागीदारी केली. जगातील सर्वोच्च भागीदारी ६२४ धावांची, संगकारा आणि जयवर्धने यांची. ती ओलांडावयास एकतीस धावा हव्या असताना महाराष्ट्राने २ बाद ६३५ वर डाव घोषित केला. ह्या वेळी समोर कोणी ठाकोरसाहेब नव्हते. कर्णधार गुगळे स्वतःच होते.

पुण्याची जमीनही पूर्वीइतकी उदार राहिलेली नाही. १९९६ च्या विश्वचषकात, २९ फेब्रुवारी रोजी, नेहरू स्टेडियमवर केनियाच्या हौशी खेळाडूंनी १६६ धावा केल्या आणि ब्रायन लारा ज्या संघात होता त्या वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले. गहुंजे येथील नव्या मैदानावर २०१७ च्या फेब्रुवारीत पुणे परिसरातील पहिला कसोटी सामना झाला. भारताचे डाव १०५ आणि १०७ धावांत कोसळले, ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांतच सहा-सहा गडी टिपले, आणि सामना तिसऱ्याच दिवशी संपला. चारही डावांतील चाळीस गडी मिळून एकूण धावा ७५७. मुंबईने १९४९ साली ह्याच शहरात केवळ आठ गड्यांच्या बदल्यात, एकाच डावात, ७१४ केल्या होत्या. आंतरराष्ट्रीय संघटनेने गहुंज्याच्या त्या खेळपट्टीवर ‘निकृष्ट’ असा शेरा मारला. दोन वर्षांनी त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताने ५ बाद ६०१ वर डाव घोषित केला, त्यात विराट कोहलीच्या नाबाद २५४ होत्या, आणि त्या खेळपट्टीविषयी कोणाची तक्रार आली नाही.